गोविंदांच्या थरांचा जमाखर्च

उत्सवाचा इतिहास लिहिणारे बहुधा देवतेपासून आरंभ करतात. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. त्यामुळे कोणतीही गोष्ट समजून घ्यावयाची झाली तर तिचा जमाखर्च अगोदर पाहावा, अशी खोड आम्हांला जडली आहे. पैसा कोणाचा, मेहनत कोणाची, श्रेय कोणाला आणि अपघात झाला तर भुर्दंड कोणाला, हे चार प्रश्न विचारले की गिरणी असो, गोदी असो वा उत्सव असो, त्याचे खरे रूप ध्यानात येते. मुंबई-ठाण्याच्या दहीहंडीचा इतिहास आज आम्ही या चार प्रश्नांच्या अनुरोधाने मांडणार आहोत. दहीहंडी ही आता नुसती धार्मिक चाल राहिलेली नाही. भर रस्त्यावर, हजारो लोकांसमोर, जिवावरची जोखीम पत्करून खेळला जाणारा तो एक सार्वजनिक साहसी खेळ झाला आहे. आणि जेथे जोखीम आहे तेथे न्यायाचा प्रश्न आल्यावाचून राहत नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. या दिवसाचे जुने नाव गोपाळकाला. काला म्हणजे कालवणे, एकत्र करणे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाची भाकरी, कोणाचे दही, कोणाचे लोणचे, सर्व एकत्र कालवले आणि सर्वांनी वाटून खाल्ले, अशी ती कल्पना. वारकऱ्यांच्या सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. आषाढी वारीची सांगताही पौर्णिमेस गोपाळपूरच्या काल्याने होते. दक्षिण कोकणात दशावतारी नाटकाच्या खेळालासुद्धा दहीकाला असेच म्हणतात. काल्यात प्रत्येकाने आणलेले कमीजास्त असते, वाटा मात्र सर्वांना मिळतो. तेव्हा उत्सवात वाटपाचा हिशेब विचारणे हे कोणा युनियनवाल्याने बाहेरून आणलेले खूळ नव्हे. ते उत्सवाच्या नावातच आहे.

ही चाल मुंबईत नेली ती गिरणीच्या माणसांनी. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली निघाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुराडी उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसांचा लोंढा आला. एका गावची माणसे एका खोलीत राहत, एका खाणावळीत जेवत आणि पुष्कळदा एकाच खात्यात कामाला लागत. पण उत्सवाला प्रथम मोकळा वेळ लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सण रविवारीच येतो असे नाही हे खरे. तथापि कामगाराचा सगळा वेळ मालकाचा नसतो, ही गोष्ट त्या दिवशी मान्य झाली. ज्याला स्वतःचा म्हणून एक दिवस नाही तो तालीम काय करणार आणि थर काय लावणार?

चाळीतील हंडीचा हिशेब साधा होता. हंडी दोन चाळींच्या मध्ये दोराने टांगलेली. तिच्यात दही-पोहे, वर फुलांची माळ, दोनचार केळी आणि जमल्या वर्गणीप्रमाणे काही नोटा. वर्गणी खोलीखोलीतून आलेली. उंची चाळीच्या माळ्याइतकी. वरून आयाबाया बादल्यांनी पाणी ओतीत आणि खाली पोरे नाचत. खांदा देणारा, पैसा देणारा आणि पाहणारा हे तिघे एकाच जिन्याने वर जाणारे लोक होते. कोणी पडला तर त्याला उचलणारे, दवाखान्यात नेणारे आणि त्याच्या घरी डबा पोचविणारे हेही तेच. त्या व्यवस्थेत सर्व काही गोड होते असे आम्ही म्हणत नाही. जातीची आणि गावाची कुंपणे होती. बायका बहुतकरून वरून पाणी ओतण्यापुरत्याच होत्या. पण एक गोष्ट होती: जो उंची ठरवी तो पडणाऱ्याचा शेजारी होता. त्यामुळे उंचीला आपोआप एक मर्यादा होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाचा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. परिणाम सर्वांस ठाऊक आहे. गिरण्या एकामागून एक थंडावल्या, १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, आणि ज्या पगारातून वर्गणी निघत होती तो पगारच बंद झाला. पोरे मात्र तेथेच होती, आणि त्यांच्या खांद्यांतील बळही तेथेच होते. रिकाम्या हातांच्या तरुणांना एकत्र आणणारी, शिस्त लावणारी आणि चार लोकांत नाव मिळवून देणारी जागा म्हणून गोविंदा पथकाचे महत्त्व उलट वाढले. वर्गणीची जागा मात्र दुसऱ्या पैशाने घेतली. तो आला पुढाऱ्यांकडून, बांधकाम व्यावसायिकांकडून आणि जाहिरातदारांकडून. हंडी गल्लीतून चौकात आली, चौकातून मैदानात आली. व्यासपीठ आले, ध्वनिक्षेपक आले, नटनट्या आल्या, आणि बक्षिसाचा आकडा हजारांतून लाखांत गेला.

आता या नव्या पैशाचा स्वभाव पाहा. वर्गणी सर्वांना मिळून खर्च होत असे; बक्षीस एकालाच मिळते. समजा, एका चौकात एक लाखाची हंडी आहे आणि दिवसभरात वीस पथके तेथे येऊन गेली. प्रत्येक पथकात दोनशे पोरे धरली तर चार हजार माणसांनी तेथे थर लावले. हंडी फोडली एका पथकाने. त्याचा एक लाख दोनशे जणांत वाटला तर माणशी पाचशे रुपये पडतात, आणि त्यातूनच बनियन, ट्रक आणि जेवणाचा खर्च निघावयाचा असतो. उरलेल्या एकोणीस पथकांना थर लावून सलामी दिल्याबद्दल लहानशी रक्कम मिळाली तर मिळाली. परंतु कमानीवर नाव झळकले ते ज्याने लाख रुपये दिले त्याचे. आणि ते एका पथकाच्या नव्हे, वीस पथकांच्या मेहनतीवर झळकले. अशा सौद्याला आमच्या धंद्यात उक्त्या कामाचा सौदा म्हणतात. सर्वांनी राबावे आणि दाम एकाच्याच कामाला मिळावे, असा तो प्रकार.

याला जोडून मध्यस्थ आला. जुन्या गिरणीत माणसे भरती करण्याचा अधिकार जॉबरच्या हाती असे. जॉबर कामगाराचाच गाववाला. तो अडीनडीला उपयोगी पडे आणि दस्तुरीही घेई. रोजच्या बदली कामगारांची भरती त्याच्या मर्जीवर चाले, ती आटोक्यात आणण्यासाठी १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रणाची पद्धत सुरू करावी लागली. आज पथक आणि प्रायोजक यांच्यामध्ये जो उभा राहतो तो पुष्कळ ठिकाणी सज्जन, कष्टाळू शिक्षक असतो. त्याच्या घरची भाकर बाजूला ठेवून तो पोरांना शिकवितो, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु बनियनवर कोणाचे नाव, कोणत्या हंडीला किती रक्कम ठरली आणि त्यातली हातात किती आली, हे खालच्या थरातल्या पोराला ठाऊक नसेल तर माणूस कितीही सज्जन असला तरी व्यवस्था जॉबरचीच होय. गंमत अशी की, सार्वजनिक कार्यासाठी तात्पुरती वर्गणी गोळा करणाऱ्याने हिशेब द्यावा, अशी तरतूद आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आहे. म्हणजे अकरा रुपयांच्या पावतीला कायदा जाब विचारतो. अकरा लाखांच्या कमानीला जाब विचारावा असे मात्र आम्हां प्रेक्षकांच्या मनातही येत नाही.

बक्षीस उंचीला असल्यामुळे उंची वाढत गेली. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. त्यांची उंची ४३.७९ फूट भरली आणि जागतिक विक्रमांच्या पुस्तकात तिची नोंद झाली. २०२५ साली ठाण्यातच दहा थर लागले. त्या पोरांच्या कौशल्याचा आम्हांला अभिमान आहे. गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री कामावरून येऊन सराव करणारी ही पोरे आहेत. त्यांच्या शिस्तीचा धडा कोणत्याही संघटनेने घ्यावा. पण पडणाऱ्यांची यादीही वाढत गेली आणि प्रकरण न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात तिला स्थगिती दिली आणि २०१६ साली तीच मर्यादा पुन्हा लागू केली. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत आले. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, हे सरकारचे म्हणणे न्यायालयाने नोंदवून घेतले आणि उंचीवर बंधन घालण्याचे नाकारले. दरम्यान २०१५ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटले होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत तसे पुन्हा जाहीर केले. या सर्व वादात फूट मोजले गेले, वर्षे मोजली गेली. थैली कोणाची आणि भुर्दंड कोणाचा, ही मोजणी मागे राहिली.

येथे कामगारांच्या इतिहासातील एक पान उलटून पाहिले पाहिजे. १९२३ पूर्वी गिरणीत एखाद्याचा हात पट्ट्यात सापडून तुटला, तर भरपाई मिळविण्यासाठी मालकाचा हलगर्जीपणा कोर्टात सिद्ध करावा लागे. ते त्या माणसाला परवडणारे नव्हते. म्हणून बहुधा मालक दया येईल तेवढे देई आणि कामगार हात जोडून ते घेई, उरला असेल तो एक हात. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याने एक साधे तत्त्व मांडले. चूक कोणाची हा वाद बाजूला ठेवा. कामावर असताना कामामुळे इजा झाली, तर ती त्या धंद्याच्या खर्चाची बाब आहे. कोळशाचा खर्च, तेलाचा खर्च, तसाच हाही. मृत्यू झाला तर रक्कम परस्पर घरच्यांच्या हाती टेकवून मिटवावयाची नाही, ती सरकारी आयुक्ताकडे भरावयाची. या एका कायद्याने दयेचे रूपांतर हक्कात झाले.

दहीहंडी या वाटेवर अर्धी आली आहे. २०२२ साली राज्य सरकारने गोविंदांसाठी मदतीचे आकडे जाहीर केले: मृत्यू आल्यास दहा लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेल्यास साडेसात लाख, एक गेल्यास पाच लाख. २०२३ साली पन्नास हजार गोविंदांचा विमा उतरविण्यात आला. हप्ता माणशी पंच्याहत्तर रुपये. एकूण साडेसदतीस लाख. पुढील वर्षांत ही संख्या वाढविली गेली. हे चांगले झाले, त्याबद्दल सरकारला धन्यवाद द्यावयास आमची हरकत नाही. पण हिशेब नीट पाहा. दोनशे पोरांच्या पथकाचा विमा अवघ्या पंधरा हजार रुपयांत होतो. चौकातील एका मोठ्या कमानीच्या खर्चाशी ही रक्कम ताडून पाहावी. इतकी लहान रक्कम, आणि तीही प्रायोजकाने न देता सरकारी खजिन्यातून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून दिली गेली. नफा, नाव आणि मतांची आशा खाजगी. भुर्दंड मात्र सार्वजनिक.

शिवाय विमा हा पडल्यानंतरचा उपाय झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहा थरांचा जयजयकार होण्याच्या काही दिवस आधी, दहिसरला सराव चालू असताना एक अकरा वर्षांचा मुलगा वरच्या थरावरून पडून गेला. न्यायालयासमोर चौदा वर्षांचा शब्द दिल्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. उत्सवाच्या दिवशी पोलीस असतात, कॅमेरे असतात, वरच्या मुलाला दोर आणि शिरस्त्राण असते. सरावाच्या रात्री गल्लीत यांपैकी काय असते? गिरणीत यंत्र चालू करण्याआधी पुसताना बोट गेले तर ते कामावर धरावयाचे की नाही, असा वाद एके काळी घालावा लागे. सराव हे कामच आहे. नियम आणि विमा दोन्ही गुरुपौर्णिमेच्या रात्रीपासून लागू झाले पाहिजेत.

हे कसे साधावे, याचा एक नमुना परदेशात आहे. २०१२ साली ठाण्यात जो विक्रम मोडला गेला तो १९८१ सालचा होता आणि तो स्पेनमधील व्हाल्स गावच्या पथकाचा होता. कॅटालोनिया प्रांतात माणसांचे मनोरे रचण्याची चाल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. २०१० साली युनेस्कोने तिची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. तेथेही सर्वांत वर लहान मूलच चढते, तेथेही अपघात होतात. २००६ साली माटारो गावच्या पथकातील एक बारा वर्षांची मुलगी दगावली. त्यानंतर मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आले. पण त्यांच्या दोन चाली आपण ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, गावच्या जत्रेत पथकाला बोलावले म्हणजे नगरपालिका त्याला बिदागी देते. मनोरा लागो वा न लागो, आलेल्याला आल्याचे मोल मिळते. पथकांनी १९८९ साली आपली एक मध्यवर्ती संघटना उभारली. विम्यासारखे प्रश्न ती सर्वांच्या वतीने एकत्र हाताळते. दुसरी चाल आम्हांला त्याहून मोलाची वाटते. मनोरा पूर्ण झाला पण उतरताना कोसळला, तर त्याला कमी गुण. पूर्ण होऊन शेवटचा माणूस सुखरूप खाली आला, तर पूर्ण गुण. म्हणजे उतरणे हा तेथे खेळाचाच भाग आहे. आपल्याकडे हंडी फुटली की ढोल वाजू लागतात, आणि थर त्यानंतर कसे खाली आले ते कोणी पाहत नाही.

यावरून न्याय्य हंडीचे अंदाजपत्रक कसे असावे ते आपोआप निघते. आयोजकाने जमविलेल्या पैशांतून पहिला खर्च विम्याचा, गाद्यांचा, दोराचा आणि रुग्णवाहिकेचा. आणि तो भरल्याची पावती दाखविल्यावाचून परवानगी मिळू नये. दुसरा खर्च बोलावलेल्या प्रत्येक पथकाच्या येण्याजाण्याचा व जेवणाचा. तो सर्वांना सारखा, महिला पथकांनाही तितकाच. थर त्यांनीही तेवढ्याच वजनाच्या माणसांचे लावलेले असतात. बक्षीस यानंतर. आणि तेही थर सुखरूप उतरल्यावर द्यावे. सर्व जमाखर्च आठ दिवसांच्या आत चौकातल्या फलकावर लागावा. आयोजन समितीत पथकांचे निवडलेले दोन प्रतिनिधी असावेत, आणि त्यांतील एक खालच्या थरातला असावा. वरच्या मुलाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. ज्याच्या खांद्यावर सबंध भार असतो त्याचे तोंड गर्दीत कोणाला दिसत नाही. भार वाहणाऱ्याला मत नसेल तर ठराव उंचीच्याच बाजूने होतात, हे आम्ही गिरण्यांत पुरेपूर पाहिले आहे.

यावर आक्षेप येतात. एक म्हणतात, अशी बंधने घातली तर प्रायोजक पाठ फिरवील. नुकसानभरपाईचा कायदा आला म्हणून गिरण्या बंद पडल्या नाहीत. त्या बंद पडल्या त्या पुष्कळ वर्षांनी आणि निराळ्याच कारणांनी. विम्याचे पंधरा हजार देणे ज्याला जड जाते त्याने लाखाची हंडी लावू नये, दहा हजारांची लावावी. दुसरे म्हणतात, गोविंदा हौसेने येतो, तो काही नोकर नाही. मान्य. परंतु उंची कोण ठरवितो? आकडा कोण जाहीर करतो? जो उंचीची किंमत ठरवितो त्याने पडण्याचीही किंमत भरावी, इतकेच आमचे मागणे आहे. तिसरे म्हणतात, बंदच करा हा प्रकार. त्यांची कळकळ आम्ही समजतो. ज्या घरातले मूल गेले त्या घरच्यांनी असे म्हटले तर आम्ही मान खाली घालू. पण बंदी घातल्याने पोरे चढावयाची थांबत नाहीत. ती अंधारात चढतात, गादीवाचून आणि विम्यावाचून.

तेव्हा हे काम शेवटी आपल्यासारख्या नागरिकांकडेच येते. तीन-चार महिन्यांनी गुरुपौर्णिमा येईल, गल्लीगल्लीत सराव सुरू होईल आणि पावतीपुस्तक घेऊन मुले आपल्या दारी उभी राहतील. त्यांना रिकाम्या हातांनी पाठवू नका. वर्गणी द्या; पण देताना विचारा की सरावाला आजपासून विमा आहे का, चौदाखालचे कोणी वर चढते का, आणि गेल्या वर्षीचा हिशेब कोठे लावला आहे. दहा घरांतून हे प्रश्न आले तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत ते निघतील. शंभर घरांतून आले तर कमान उभारणाऱ्याच्या कानावर जातील. लोखंड्यांच्या वेळी रविवारच्या सुट्टीची मागणीही अशीच एकेका खात्यातून गोळा होत गेली होती.